नऊ वाडगे आणि एक चमचा मुरंबा

प्रिय ईरा आणि निहार,

ईरा, पंधरा दिवसांपूर्वी तुझा मेसेज आला: "आजी, प्रोजेक्टला अमेरिकेतल्या सर्बियन आणि थाई इमिग्रंट्सची सोशिओ-इकॉनॉमिक कंडिशन कम्पेअर करतेय. बाबा म्हणाला तू त्यावर रिपोर्ट लिहिला होतास. स्कॅन करून पाठव ना यार, पुढच्या महिन्यात सबमिशन आहे!" त्याखाली निहारने लिहिलं, "आजी रॉक्स. आजीने गरिबांसाठी काम केलंय."

मी कळवलं की रिपोर्ट सापडत नाही. ते खोटं होतं. माझ्या घरात कागद सापडत नाही असं कधी होत नाही, हे तुमच्या बाबाला विचारा. तो निळ्या फाइलमध्ये, वरून तिसरा होता. पण निहारचं वाक्य वाचल्यावर तो माझ्या नावाने तुमच्या हाती पडावा असं मला वाटेना. तुमचा बाबा तुम्हाला घेऊन पुण्याला परत गेला त्याला आता सात वर्षं झाली. तुम्ही मला फोनच्या पडद्यावर पाहता, आणि पडद्यावर आजी बरी दिसते. म्हणून तो कागद कसा लिहिला गेला, ते आता सांगते.

त्याआधी सांगली सोडली तो दिवस सांगायला हवा. लग्नानंतर आजोबा आधी शिकागोला आले, आणि पाच महिन्यांनी मला जायचं होतं. आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं, वडील शाळेत लेखनिक. निरोप द्यायला सकाळपासून माणसं येत होती आणि प्रत्येकाला चिवडा, लाडू, चहा. आमच्याकडे एवढ्या वाट्या नव्हत्या. आईने तीन घरांतून आणल्या. त्या काळी स्टीलच्या प्रत्येक भांड्यावर मालकाचं नाव कोरलेलं असे, त्यामुळे उसनं भांडं लगेच ओळखू यायचं. मी वाट्या भरत होते आणि आई मागून हळूच म्हणाली, "नावं आपल्या बाजूला कर गं. घरात काही नसलं तरी आलेल्याला ते दिसता कामा नये." मी एकेक वाटी फिरवली. मग एस.टी.ने मुंबई, आणि तिथून विमान. आई स्टँडवर रडली नाही. वाट्या परत करायच्या होत्या म्हणून लवकर घरी गेली.

शिकागोत मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली. कॉन्व्हेंटचं इंग्रजी आणि नीटनेटकेपणा, या दोन गोष्टींवर माझं सगळं आयुष्य इथे उभं राहिलं. निवृत्त झाल्यावर, आपल्या लोकांची दुकानं असलेल्या डेव्हन ॲव्हेन्यूपासून चार चौक उत्तरेला असलेल्या एका मदत केंद्रात मी आठवड्यातून दोन दिवस जाऊ लागले. केंद्र छोटंसं होतं, लिंडा नावाची बाई ते चालवायची. नव्याने आलेल्या बायकांना तिथे नर्सिंग असिस्टंटचा कोर्स फुकट शिकवत. तो झाला की हॉस्पिटलात किंवा वृद्धाश्रमात पक्की नोकरी लागायची, इन्शुरन्ससकट. अर्ज पुष्कळ यायचे. अर्जदाराच्या घरी जाऊन परिस्थिती बघायची आणि लिहून द्यायचं, हे माझं काम.

त्या वर्षी एक जागा उरली आणि दोन अर्ज उरले. एक सर्बियाची वेस्ना, दुसरी थायलंडची नोई.

वेस्ना तिकडे इंजिनिअर होती. नवरा इथे ट्रक चालवायचा. नोई तिच्या गावच्या हॉस्पिटलात वॉर्डात काम करायची, आणि इथे एका थाई रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात होती. दिवसभर लोखंडी कढई उचलून तिच्या उजव्या मनगटाची शीर दुखावली होती. डॉक्टरने सांगितलं होतं की हे काम सोडा, नाहीतर हात जाईल. तिला ती जागा कशासाठी हवी होती ते एवढं सरळ होतं. तिच्या अर्जात ते एका ओळीत लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं.

आधी वेस्नाकडे गेले. तळमजल्यावरचं घर, भिंतीवर पुस्तकं. तिने ट्रे आणला. त्यात काचेच्या वाटीत आंबट चेरीचा मुरंबा, एक चमचा आणि पाण्याचा ग्लास. एक चमचा मुरंबा खायचा, वर पाणी प्यायचं. नंतर काळी कॉफी. बस. आम्ही पुस्तकांवर तासभर बोललो. तिचं व्याकरण अचूक होतं. तिच्याकडे बघून मला आपल्याच महाराष्ट्र मंडळातल्या शिकलेल्या, वाईट दिवस आलेल्या एखाद्या बाईकडे आल्यासारखं वाटलं. बाहेर पडून गाडीत बसल्यावर फॉर्मवर लिहिलं: "घरात अन्नाची चणचण जाणवते."

दोन दिवसांनी नोईकडे. रेस्टॉरंटच्या मागच्या गल्लीत दुसरा मजला, दाराबाहेर बायकांच्या चपलांचे पाच-सहा जोड. खाली सतरंजी आणि तिच्यावर नऊ वाडगे. मी मोजले, मला मोजायची सवय आहे. भोपळ्याची नारळाच्या दुधातली आमटी, तुळशीची पानं घातलेलं टोफू, परतलेली पालेभाजी, चिकट भात, आणखी काय काय. नोई सारखी म्हणत होती, "खा, मिसेस के, खा." कुलकर्णी तिला जमत नव्हतं. मी मात्र शाकाहारी. थाई जेवणात मिठाऐवजी माशाचं खारं पाणी असतंच, असं मनाशी ठरवून मी थोडा भात चिवडला आणि हसून ताट बाजूला केलं. नोई अडखळत बोलत होती, मीही तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलले. नऊ वाडग्यांपैकी एकाचाही दुसऱ्याशी मेळ नव्हता. एकावर निळी फुलं, दुसऱ्यावर लाल कोंबडा, एक प्लॅस्टिकचा. हे मी पाहिलं. मनात आलं की बाई जरा अव्यवस्थित दिसते.

मग घरी येऊन मी तो रिपोर्ट टाइप केला. कुणी मागितला नव्हता. लिंडाला दोन फॉर्म पुरले असते, पण मला दोन रकाने आखायचा मोह झाला. डावीकडे सर्बियन समाज, उजवीकडे थाई समाज. शिक्षण, निवास, अन्न, आपसातला आधार. डावीकडे लिहिलं: उच्चशिक्षित, परिस्थितीने खाली आलेले, स्वाभिमानी, मदतीची गरज. उजवीकडे: शिक्षण कमी, पण खाऊन-पिऊन सुखी, समाजाचा भक्कम आधार, तातडीची गरज नाही. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.

"किती घरं पाहिलीस?"

"दोन."

"दोन घरांत दोन देश मावले? वा! मग आपल्यावरही लिही की एक. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला कंपनी काढलेला तुझा भाचा आणि डेव्हनवर जिलब्या तळणारी ती पोरगी, दोघांना एकाच रकान्यात बसव. बघू भाचा काय म्हणतो."

मी म्हटलं, "तुम्हाला टाइपिंग तरी येतं का?"

लिंडाला रिपोर्ट फार आवडला. जागा वेस्नाला मिळाली.

त्या नोव्हेंबरात वेस्नाने मला घरी बोलावलं. त्यांच्या प्रत्येक कुळाचा एक संत असतो, त्याच्या दिवशी घरी जेवण असतं. बरंचसं आपल्या कुळाचारासारखं. तेच घर, पण आतलं दार उघडं होतं, आणि मला तेव्हा कळलं की वरचे दोन्ही मजले त्यांचेच. सासूसासरे, चुलत दीर, सगळे तिथेच राहत. मागे आवारात दिराचे तीन ट्रक. टेबलावर भाजलेलं मांस, केक, नक्षीचा मोठा पाव. शिजवलेल्या गव्हाचा गोड प्रसाद सगळ्यांनी आधी तोंडात घातला. मी वेस्नाला बाजूला घेऊन विचारलं, "मी पहिल्यांदा आले तेव्हा तू फक्त मुरंबा आणि पाणी दिलंस..."

तिची सासू मधेच म्हणाली, "मग? पाहुण्याला आधी काय द्यायचं? सूप?" आणि सगळे हसले.

वेस्ना म्हणाली, "तो मान असतो, मिसेस के. माझी आजी शिकवून गेली. तुम्हाला काय वाटलं?"

मला काय वाटलं होतं ते मी सांगितलं नाही. माझ्या स्वतःच्या आजीच्या घरी उन्हातून आलेल्याला गुळाचा खडा आणि पाणी देत. ते दिल्याशिवाय कुणी कुणाला "कसे आहात" सुद्धा विचारत नसे. आणि मी त्याला चणचण म्हटलं होतं. वेस्ना काही खोटं बोलली नव्हती. वरचे मजले कुणाचे, हे मी विचारलंच नव्हतं. घरी जाताना गाडीत मला ते वाडगे आठवले. निळी फुलं, लाल कोंबडा, प्लॅस्टिक. ते एका घरचे नव्हते. सांगलीच्या वाट्या मी स्वतःच्या हाताने फिरवल्या होत्या, आणि दुसऱ्या कुणी तेच केलेलं मला ओळखता आलं नाही. खरं सांगायचं तर मला ओळखायचं नव्हतं. मला वेस्नासारखं व्हायचं होतं. नोईसारखी मी होते, फार दूर नाही, दोनच खोल्यांपलीकडे.

लिंडाला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या बॅचला नोई पहिली." पुढची बॅच झाली नाही, त्या कोर्सचं अनुदानच बंद झालं.

मग मी नोईकडे गेले. माफी मागायची, असं ठरवून गेले होते. दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांच्या मधल्या वेळात ती रेस्टॉरंटच्या मागच्या दारात पेटीवर बसून शेंगा निवडत होती, डाव्या हाताने. मला बघून उठली. माझ्यासाठी दुसरी पेटी पुसली.

"मिसेस के, त्या दिवशी तुम्ही काही खाल्लं नाही," ती म्हणाली. "चव वाईट होती?"

"नाही, नाही. माशाचं पाणी असतं ना, म्हणून..."

"नव्हतं. आम्ही ऑफिसात फोन करून विचारलं, ही बाई काय खाते. लिंडा म्हणाली, मासा नाही, मटण नाही, अंडं नाही. आम्ही पाच जणींनी केलं, सगळं नुसतं मीठ घालून." ती हसली. "मिठाने चव येत नाही. पण केलं."

 मग तिने विचारलं, "माझं इंग्रजी कमी पडलं का? म्हणून नाही मिळालं?"

मुलांनो, इथे मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. ते इंग्रजीत एका अक्षराचं आहे, मराठीत दोन. मी म्हटलं, "अर्ज खूप होते, नोई. कमिटीचा निर्णय होता." कमिटी नव्हती. ती मान हलवून पुन्हा शेंगा निवडू लागली. निघताना तिने मला डबा भरून दिला, आणि मी तो घेतला.

पुढे ती बहिणीकडे डेन्व्हरला गेली. एप्रिलमध्ये त्यांचं नवीन वर्ष असतं, तेव्हा दरवर्षी मला फुलांचं चित्र पाठवते. मी दरवर्षी हात जोडल्याचं चित्र पाठवते. आजोबा गेले तेव्हा तिने फोन केला होता. तेव्हाही मी सांगितलं नाही.

ईरा, तुझ्या प्रोजेक्टसाठी मला एवढंच ठाऊक आहे: इथल्या थाई लोकांत मोठ्या घरात राहणाऱ्या, जुन्या काळी आलेल्या नर्सबाई आहेत आणि त्यांच्या घरापासून अर्ध्या तासावर नोईसारख्या पाच जणी दोन खोल्यांत राहतात. सर्बियन लोकांत तीन ट्रकांचा मालक आहे आणि त्याच्याच चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणारी, युद्धात सगळं गमावलेली विधवाही आहे. रकाने आखायचे तर आख, पण आधी विचार की वरचा मजला कुणाचा, वाडगे कुणाचे. माझा रिपोर्ट कधी हाती आलाच, तरी वापरू नकोस.

हे पत्र अर्धं झालं तेव्हा, परवा दुपारी, मी नोईला फोन केला. मागे पंख्याचा आवाज होता, भांड्यांचा आवाज होता. मी एका दमात सांगितलं. कमिटी नव्हती. मी लिहिलं. तुझं इंग्रजी पुरेसं होतं. चूक माझी.

तिने पंखा बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "इंग्रजी ठीक होतं?"

"ठीक होतं."

"मला वाटलं, इंग्रजी वाईट. म्हणून नंतर कुठे अर्ज केला नाही. इथे पण कोर्स होता. बहीण म्हणाली, भर. मी नाही भरला." मागून कुणीतरी तिला हाक मारली. "आता काम आहे, मिसेस के. नंतर बोलू." आणि फोन ठेवला.

तुमचा बाबा मला सारखा म्हणतो, "आई, आता घरी ये." मी टाळत आले, थंडीची, डॉक्टरची कारणं सांगत. एवढी वर्षं मी इथे स्वतःला पाहुणी समजत होते, आणि पाहुण्याची चूक कुणी मनावर घेत नाही. पण त्या वर्षी कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे माझ्या हातात होतं. ते ज्याच्या हातात असतं ते त्याचं घर. माझं घर शिकागो आहे. ते मला उशिरा कळलं, आणि अभिमान वाटावा अशा रीतीने कळलं नाही.

नोई अजून स्वयंपाकघरात काम करते, डाव्या हाताने. काल संध्याकाळी मी पुन्हा फोन केला. तिने उचलला.

तुमची,
आजी