गाण्याचे तांदूळ

मार्गासनीच्या वरच्या अंगाला आमची भाताची खाचरं आहेत. लावणीच्या दिवसांत तिथं ढग इतके खाली येतात की शेजारच्या खाचरातली बाई दिसत नाही, तिचा आवाज तेवढा येतो. माझ्या लहानपणाची बहुतेक चित्रं अशी अर्धी पुसलेलीच आहेत. त्यात एक आवाज मात्र स्वच्छ आहे, माझ्या धाकट्या चुलतीचा. तिला आम्ही काकी म्हणतो. वाकून रोपं लावत ती मागे मागे सरकायची आणि म्हणायची,

लावणी लावता हरपलं जोडवं, सई गं,
भात झोडता घावलं जोडवं, सई गं.

एवढंच गाणं. आषाढात चिखलात गेलेलं जोडवं दिवाळीनंतर खळ्यावर सापडतं, बाकी काही घडत नाही. पण बाया ती ओळ उचलायच्या, पुन्हा खाली सोडायच्या, आणि खाचर कधी संपलं ते कळायचं नाही. अजूनही झोप लागता लागता मला ते ऐकू येतं.

काही वर्षांपूर्वी एका लावणीत मी ते मोबाईलवर टिपलं. चित्रात फारसं काही नव्हतंच, हिरवं-पांढरं धुकं आणि काकीची पाठ. इंटरनेटवर टाकलं. कुणी कुणी खाली लिहिलं की आईची आठवण आली. काकीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "त्यांच्या आया बी ग्वाड गात असतील."

मग ईमेलवर एक पत्र आलं.

नसरापूरला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. लोक कसल्या कसल्या नोटिसा घेऊन येतात आणि मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगते, "कागदाला भ्यायचं नसतं, कागद वाचायचा असतो." माझ्यावर वेळ आली तेव्हा लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. पत्रात लिहिलं होतं, हे गाणं आमच्या मालकीचं आहे, तुम्ही ते चोरून वापरलंत, सात दिवसांत दीड लाख भरा, नाहीतर दिल्लीच्या कोर्टात उभं राहावं लागेल. वर शिक्का, खाली पैसे भरायची लिंक. माझे हात गार पडले. पैसे मी भरले नाहीत, तेवढे नव्हतेच. पण त्याच दुपारी व्हिडिओ काढून टाकला. पुढे मोबाईल पाण्यात पडला आणि उरलेली एकुलती प्रतही गेली.

भोरच्या कोर्टात काम करणाऱ्या एका वकीलबाईंना पत्र दाखवलं, तेही नंतर. वरातीमागून घोडं. त्या हसल्या. "अहो, जाळं टाकून बसलेत हे. शेकड्यांनी पाठवायचं, जो घाबरेल तो भरेल. गाणं कुठं नोंदवलंय, कधी, काही लिहिलंय का यात?" नव्हतं लिहिलं. पुढच्या पत्रात दीड लाखाचे साठ हजार झाले, त्याच्या पुढच्यात पंधरा. बाजार उठताना मेथीच्या जुडीचा भाव उतरतो तसं. मग पत्रं थांबली.

पण भीतीच्या भरात मी पहिल्याच दिवशी काकीला सांगून बसले होते, की तुझ्या गाण्याला मालक निघालाय. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. कोण, कुठला, किती मागतोय, काही नाही. तिने एकच विचारलं, "आंबवड्याची का गं?"

आंबवडे तिचं माहेर. लग्नाआधी ती तिथल्या एका मैत्रिणीबरोबर लावणीला जायची आणि हे गाणं त्या मैत्रिणीचं, असं ती सांगे. आमच्याकडच्या जुन्या बायांची रीत अशी, की दुसरीचं गाणं घेतलं तर तिच्या पदरात पसाभर तांदूळ घालायचे. मग ते आपलं. काकीचं लग्न घाईत झालं आणि तांदूळ राहून गेले. चाळीस वर्षं ते तिच्या मनात होते, हे मला त्या दिवशी कळलं.

"तिचंच हाय ते," काकी म्हणाली. "म्या न देताच गात राह्यले."

मी परोपरीने समजावलं. लबाड लोक आहेत, त्यांनी गाणं धड ऐकलंही नसेल. ती मान डोलवायची. पुढच्या लावणीत ती वाकली, रोपं लावली, पण तोंड उघडलं नाही. दुसरी कुणी सुरुवात करेना, कारण सुरुवात तिचीच असायची. ढग उतरले. शेजारच्या खाचरात कुणी आहे की नाही तेही कळेना, नुसता पाण्याचा डुबुक डुबुक आवाज. मला माझा भयंकर राग आला. त्या लबाडांना एक पैसा न देता मी काकीचं गाणं देऊन बसले होते.

शेवटी मीच म्हटलं, "काकी, आंबवड्याला जाऊ. तांदूळ घे."

एसटीने नसरापूर, तिथून भोर, भोरहून आंबवडे. घरच्या आंबेमोहराची पिशवी तिने मांडीवर धरली होती. खिडकीबाहेर डोंगर ढगात जात होते, येत होते, आणि मला वाटत राहिलं की आपण गावाला निघालोच नाही, तिच्या लग्नाआधीच्या कुठल्यातरी सकाळीत चाललोय.

मैत्रीण ओट्यावर बसली होती. तिला आता नीट दिसत नाही. काकीने हाक मारली तशी म्हणाली, "आलीस व्हय?" जशी काही कालच गेली होती. काकी तिच्यापुढे बसली आणि रडायलाच लागली. "तुजं गानं म्या तांदूळ न देता गायलं गं. रागावलीस न्हवं?" आणि पसाभर तांदूळ तिच्या पदरात सोडले.

मैत्रिणीने ते बोटांनी चाचपले. "माजं गानं? येडी का खुळी! तुजंच की ते. म्या तुज्याकडनं घेतलं. तू सासरला गेलीस नि माजे तांदूळ राह्यले."

"न्हाई, तुजं."

"अगं, तुजं!"

दोघींची चांगलीच जुंपली. मैत्रिणीने सुनेला हाक मारून घरातून तांदूळ मागवले आणि काकीच्या पदरात घातले, तेव्हा कुठे त्या गप्प झाल्या. मला हसू आणि रडू एकदमच आलं. मग बसल्या बसल्या त्यांनी गाणं म्हटलं. एकीने हरपलं म्हटलं, दुसरीने घावलं.

यंदा लावणीला काकीने सुरुवात केली आणि ढगातून बायांनी ओळ उचलली. मी मोबाईल बाहेर काढलाच नव्हता. तीच ओरडली, "धर की गं त्यो मोबाईल! आता कसलं भ्याव?" मी टिपलं आणि पुन्हा इंटरनेटवर टाकलं.

महिन्याभरात पत्र आलं. नाव वेगळं, पण तसाच शिक्का आणि तेच सात दिवस. हात जरा गार पडलेच, खोटं कशाला बोलू? दुकानात गर्दी होती. ती ओसरल्यावर मी सरळ मराठीत उत्तर लिहिलं. गाणं तुमचं असेल तर पत्ता कळवा, आमच्या रीतीप्रमाणे पसाभर तांदूळ पाठवते.

उत्तर आलेलं नाही. काकीने मात्र तांदूळ वेगळ्या डब्यात काढून ठेवलेत आणि अधूनमधून विचारते, "आला का गं त्यांचा पत्ता?"