धम्मपाल सरांच्या तेवीस सह्या

धम्मपाल सरांपुढे तेवीस रेकॉर्डबुकांचा ढीग होता, आणि तेवीसही पोरांचं तेल एकसारखंच निवलं होतं.

सर आदिलाबादच्या एका डिग्री कॉलेजात फिजिक्सचे गेस्ट लेक्चरर. बेला गावात लोकांच्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात, राबलेल्या खुशालचा हा मुलगा. शिकला याच कॉलेजात, आणि चार वर्षांपासून शिकवतोही इथंच. 'गेस्ट' म्हणून कोणी चहा विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

सहाव्या सेमिस्टरचं प्रॅक्टिकल परवावर आलेलं. रेकॉर्डवर सरांची सही नसली तर पोराला परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणजे वर्ष गेलंच. प्रिन्सिपॉल सकाळपासून दोनदा डोकावून गेले होते. "सह्या करून टाका हो धम्मपाल. कशाला ताणता?"

सरांनी ताणलं, कारण डायोडचा प्रयोग. तसा तो साधा. डायोड तेलात बुडवायचा, तेल उकळत्या पाण्यात ठेवून तापवायचं, आणि ते निवताना दर पाच अंशांनी त्याच्यातला उलटा करंट मोजायचा. पण तेवीसही वह्यांत पासष्ट अंशांचं रीडिंग दोनदा होतं आणि साठचं नव्हतंच. तेल पासष्टवर आलं, पुन्हा पासष्टवरच आलं, आणि तिथून थेट पंचावन्नवर उतरलं.

"पंकज, तुमचं तेल मधातच दम खाते काय रे?"

पंकज कापूसवाल्या घरचा, तोंडाने तरबेज. "थंडी होती सर त्या दिवशी."

"एप्रिलात?"

"लॅबमधी."

"खरं सांग, कोणाचं पाहून लिहिलं?"

"कोनीच कोनाचं नाही पाहत सर. झेराक्सवाल्याकडं सेट भेटते."

सर तडक गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याने मान वर न करताच विचारलं, "फिजिक्स, सिक्स्थ सेम? पूरा सेट रेडी है सर, स्पायरल के साथ." सरांनी सेट उघडला. नावावर कागद चिकटवून झेरॉक्स काढलेली, पण अक्षर ओळखीचं. ते त्यांचंच होतं.

अकरा वर्षांपूर्वी, इथंच शिकताना, वीज जात-येत असताना दोन दुपारी बसून त्यांनी ती रीडिंगं घेतली होती. एकूण एक खरी. फक्त साठच्या जागी घाईत पुन्हा पासष्ट पडलं होतं. आता पोरांवर चिडावं की स्वतःवर, हेही धड ठरेना.

"उद्या दहाला सगळे लॅबमध्ये," परत येऊन त्यांनी फर्मान काढलं. "हा प्रयोग माझ्यासमोर होईल."

पोरं हबकली. कॉलेजात प्रयोगांच्या दोन जाती होत्या, करण्याचे आणि लिहिण्याचे. डायोडचा प्रयोग कित्येक वर्षांपासून लिहिण्याच्या जातीतला. सरांनाही नोकरीला लागल्यावर तो तसाच मिळाला होता आणि त्यांनीही तो तसाच चालवला होता.

दुसऱ्या दिवशी तेल तापलं. मीटरपाशी मैत्री नावाची मुलगी बसली होती. प्रश्न विचारणारी वर्गात ती एकटीच. बाकीचे बावीस भिंतीला टेकून.

"सर, काटा हालूनच नाही राह्यला."

सरांनी मीटरला टिचकी मारली. वायरी बदलल्या. सेल बदलले. तेल पार ऐंशीवर नेलं. काटा शून्यावर बसून राहिला, सरकारी माणसासारखा.

लॅब अटेंडंट देवाजीमामा दाराशी उभे राहून हे सगळं शांतपणे पाहत होते. "तो हालत नसते सर," ते शेवटी म्हणाले.

"कधीपासून?"

"आठ वर्सं झाले असतीन. काचेचा डायोड होता तो जळला. मंग टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून मी हा काळा आणला."

सरांनी डायोड तेलातून काढून पुसून पाहिला. जुना होता जर्मेनियमचा. हा निघाला सिलिकॉनचा. याचा उलटा करंट इतका बारीक, की या मीटरला तो कधीच दिसणार नव्हता.

"मामा, मग सांगितलं काऊन नाही?"

"कोनी इचारलंच नाही. पोराइचे रीडिंग तं बराबर येऊन राह्यले होते."

सर स्टुलावर बसले. त्या आठ वर्षांतल्या चार वर्षांच्या 'बराबर' रीडिंगांखाली त्यांची सही होती.

"मग आता काय लिहू सर?" मैत्रीने विचारलं.

"जे दिसलं ते. काटा हलला नाही, आणि काऊन हलला नाही." सर सगळ्यांकडे वळले. "जुनं पान खोडा. नवीन पानावर आज पाहिलं तेवढंच लिहा. तरच सही."

"परीक्षक काय म्हणतीन?" पंकज.

"ते मी पाहतो. तू लिही."

चार वाजता तेवीस रेकॉर्ड पुन्हा टेबलावर आली. सरांनी मैत्रीचं आधी घेतलं. तेल ऐंशी अंशांपर्यंत तापवलं, काटा हलला नाही, डायोड सिलिकॉनचा असल्याने करंट या मीटरच्या आवाक्याबाहेर आहे. खाली तिने प्रामाणिकपणे नोंदवलं होतं, की वाफ चष्म्यावर आल्याने शेवटची दोन मिनिटं काटा नीट पाहता आला नाही. सरांना बरं वाटलं. त्यांनी झोकात सही केली आणि पुढचं रेकॉर्ड उघडलं.

ते पंकजचं होतं. पंकजच्याही चष्म्यावर वाफ आली होती.

"पंकज, तुले चष्मा कधी लागला?"

"बाकी सगळं तं खरं आहे ना सर?"

सरांनी चष्म्याच्या ओळीवर काट मारली, खाली सही केली, आणि तिसरं रेकॉर्ड उघडलं. त्यातही चष्मा होता.