चार आणे जमीन

जमीन मोजणीची जुनी पुस्तके जमवण्याचा नाद मला पुण्यातल्या एका वर्तमानपत्रात उपसंपादक असताना लागला. जमिनीच्या वादांच्या बातम्या येत आणि त्यांतले आकडे तपासण्याचे काम माझ्याकडे असे. बुधवार पेठेत रस्त्याकडेला जुनी पुस्तके मांडून बसणारा एक जण होता. निवृत्त ओव्हरसियर वारले की त्यांची कपाटे त्याच्याकडे रिकामी होत. पहिले घेतले ते साखळीने जमीन मोजण्याचे इंग्रजी पाठ्यपुस्तक. त्यातल्या एका आकृतीखाली आधीच्या मालकाने पेन्सिलीने लिहिले होते, ‘हे प्रत्यक्षात असे होत नाही.’ त्या एका वाक्यासाठी मी ते घेतले असावे. पुढे महसूल खात्यातल्या उमेदवारांसाठी मराठीत छापलेले एक मिळाले, मग आणखी. दोन-तीन वर्षांत एक फळी भरली.

पहिली दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली तेव्हाच गोंधळ सुरू झाला. इंग्रजी पुस्तकातली साखळी सहासष्ट फुटांची, तिच्या शंभर कड्या. मराठी पुस्तकातली साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा भाग आणि प्रत्येक भागाचे नाव आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. त्या गुंठ्याचेही पुन्हा सोळा आणे. म्हणजे आणा हे लांबीचे माप होते, क्षेत्राचेही होते. नाणे तर होतेच, आणि वाटणीत ‘माझे चार आणे’ म्हटले की तो चौथा हिस्सा होता. बाजारात तेव्हा नवे पैसे आले होते आणि लोक आणे विसरायला शिकत होते. मी ते नव्याने शिकत होतो.

अशात मुळशीहून माझी मावशी आली. विधवा, मूलबाळ नाही. पदराच्या गाठोड्यात वाल आणि वालांच्या खाली कागद.

‘लेकरा, तुज्याकडं जमिनीची पुस्तकं हायेत म्हनं,’ ती म्हणाली. ‘त्यात माजी जमीन हाय का बघ.’

तिच्या चुलत सासऱ्याचे दोन एकरांचे एक शेत होते. म्हातारपणी त्याला मावशीने आणि तिच्या नवऱ्याने सांभाळले, त्याबद्दल त्याने शेताचा खालचा तुकडा मावशीच्या नवऱ्याला बक्षीसपत्राने दिला. म्हातारा गेला, नवरा गेला. बाकीचे शेत म्हाताऱ्याच्या मुलाचे, म्हणजे मावशीच्या चुलत दिराचे. आता दीर ते विकायला निघाला होता आणि मावशीचा तुकडाही आपलाच धरून चालला होता. तो तुकडा गेला तर मावशीला पेरायला दुसरी जागा नव्हती. भावाकडे जाऊन राहावे लागले असते, आणि भावजय कशी आहे हे आम्हाला सगळ्यांना माहीत होते.

बक्षीसपत्र मी वाचले. मजकूर असा: सदर नंबरपैकी चार आणे जमीन बक्षीस दिली असे, चतुःसीमा वहिवाटीप्रमाणे. बक्षीस म्हणून किंमत नाही. किंमत असती तर तिच्यावरून जमिनीचा अंदाज आला असता.

मावशीचे म्हणणे, चार आणे म्हणजे शेताचा चौथा हिस्सा. दोन एकरांचा चौथा हिस्सा वीस गुंठे होतो. दिराचे म्हणणे तिनेच सांगितले: चार आणे म्हणजे गुंठ्यातले चार आणे, पाव गुंठा. मी हसलो. पाव गुंठा म्हणजे अर्ध्या साखळीचा चौरस, लांबीरुंदीला साडेसोळा फूट. एवढ्या जमिनीसाठी कोणी स्टॅम्प घेत नाही, असे मी तिला सांगितले. मग मी सातबाराचा उतारा पाहिला. तलाठ्याने बक्षीसपत्रावरून नोंद करताना क्षेत्राच्या रकान्यात ‘०–४’ असे लिहिले होते. त्या रकान्यात आधी एकर येतात, मग गुंठे. म्हणजे सरकारच्या लेखी मावशीची जमीन चार गुंठे होती. हे तिसरेच.

रविवारच्या एस.टी.ने मी मुळशीला गेलो. मराठी पुस्तक बरोबर घेतले होते. दीर गोठ्यापाशी वैरण तोडत होता. मावशीहून वयाने लहान, अंगाने दांडगा.

‘या पावणं,’ तो म्हणाला. ‘पोथी आनली का? म्हंजी आता पारायन हाय.’

मी चार आण्यांचा विषय काढला.

‘चार आनं आता ऱ्हायलं कुटं?’ तो म्हणाला. ‘पंचवीस नवं पैसं झालं. वैनीला म्हनावं, पंचवीस पैशाची जमीन घ्या, वर एक विडी घ्या माज्याकडनं.’

पाव गुंठा कोणी बक्षीस देतो का, असे मी विचारले. त्याने मला शेतावर नेले. दोन एकरांच्या उताराला मध्याच्या बरेच खाली एक मोठा काळा धोंडा होता. त्याच्या खालच्या बाजूला सपाट, चोपून काढलेली जागा.

‘हे खळं,’ तो म्हणाला. ‘हे दिलंय. घाला तुमची पट्टी.’

माझ्याजवळ पट्टी नव्हती. पावलांनी चाललो. जागा साधारण सोळा-सतरा फुटांची भरली. दोन्ही बाजूंनी.

एखादी बातमी दोन्ही बाजूंनी बरोबर निघते तेव्हा उपसंपादक ती बाजूला ठेवतो. मला ते करता येत नव्हते, कारण मावशी मागून येऊन बांधावर उभी होती.

‘खळं बक्षीस देत्यात व्हय, भावजी?’ ती म्हणाली. ‘आन दिलं तर मळायचं काय त्यात? वारा?’

‘शेजारपाजारचं मळा,’ दीर म्हणाला. ‘धंदा करा.’

‘मग बैलबी मीच व्हऊ का?’

तो हसला. मीही हसलो. पण माझ्या वहीत त्या संध्याकाळी तीन क्षेत्रे होती आणि तिन्हींपुढे प्रश्नचिन्ह होते. तालुक्याच्या गावी, पौडच्या कचेरीत, दोनदा जाऊन आलो. जुना तलाठी बदलून गेला होता. नवा म्हणाला, नोंद आहे ती आहे. ‘०–४’ हे चार आण्यांचे घाईत झालेले चार गुंठे असावेत, असे मला वाटले. ते सिद्ध करणे मात्र माझ्या हाती नव्हते. मुळशीत मुक्काम असला की रात्री जेवताना मावशी विचारी, ‘झालं का वाचून?’ मी म्हणे, चालू आहे.

वैशाखात दिरानेच मोजणी मागवली. गिऱ्हाइकाला नकाशा हवा होता. मोजणीदार दोन शिपाई आणि साखळी घेऊन आला. मोजून मोजून कंटाळलेला माणूस. माझ्या हातातले पुस्तक पाहून त्याने ते मागितले, दोन पाने उलटली आणि परत दिले.

‘मालकी मी ठरवत नाही,’ त्याने सुरुवातीलाच सांगितले. ‘ज्याची वहिवाट जिथं आहे तिथं तो दाखवील, मी मोजीन. कबूल असेल तर दोघं सही-अंगठा करा, नसेल तर कोर्टात जा. बाई, तुमची कुठून?’

‘या धोंड्यापासनं,’ मावशी म्हणाली.

मोजणीदार दिराकडे वळला. ‘तुमचं काय म्हणणं?’

‘धोंड्यापासनंच,’ दीर म्हणाला. ‘त्यात वाद न्हाई.’

‘कुठपर्यंत?’

‘पान्यापातुर,’ दोघे एकदम म्हणाले. ‘म्हातारा तसंच बोलला,’ मावशीने पुढे जोडले, ‘आमी दोगंबी व्हतो.’ दिराने मान हलवली.

मी आठवडेच्या आठवडे चार आण्यांबद्दल विचारत होतो. धोंड्याबद्दल आणि पाण्याबद्दल मला कोणी सांगितले नव्हते, कारण ते दोघांनाही ठाऊक होते आणि त्यावर भांडण नव्हते.

शेताच्या खालच्या अंगाला ओढा. धरणासाठी घेतलेल्या जमिनीची हद्द त्याच्याही पुढे, खाली. पण धरण भरले की ओढ्याचे पाणी मागे तुंबते आणि शेतात चढते. श्रावणात ते धोंड्याच्या जवळ येते, मध्ये खळ्याएवढी जागा कोरडी राहते. पाणी उतरले की गाळ उघडा पडतो, त्यात मावशी वाल पेरी. वैशाखात पाणी थेट ओढ्याच्या तळाशी असते. आम्ही उभे होतो तो वैशाख होता.

दिराच्या हे एका क्षणानंतर लक्षात आले.

‘आसं न्हाई,’ तो म्हणाला. ‘श्रावनात मोजा.’

‘श्रावणात साखळी काय होडीत बसून धरू?’ मोजणीदार म्हणाला. ‘धर रे ते टोक.’

शिपायांनी साखळी टाकली. धोंड्यापासून ओढ्यापर्यंत, मग आडवी. मोजणीदाराने गुणाकार केला. बावीस गुंठे नऊ आणे. शेताचा चौथा हिस्सा नव्हे, चार गुंठे नव्हेत, पाव गुंठा तर नव्हेच. मी पुस्तकातल्या रीतीने ताडून पाहिले. बरोबर होते.

‘अंगठा,’ मोजणीदार म्हणाला.

दिराने ओढ्याकडे पाहिले. गिऱ्हाईक बांधावर उभे होते, त्याचे दोनदा खाकरून झाले होते.

‘भावजी,’ मावशी म्हणाली, ‘म्हाताऱ्याला मी भाकर घालत व्हते तवा पानी कुटवर हाय ते बघून घालत व्हते का?’

‘ते मी कवा न्हाई म्हनलो,’ तो म्हणाला. त्याने अंगठा दिला आणि उपरण्याला पुसला. ‘पान्यानं घात केला. लिवा.’

गिऱ्हाइकाने धोंड्यापर्यंतचे शेत घेतले आणि तार ओढली. मावशीचा तुकडा मावशीकडे राहिला.

मला मात्र चैन पडेना. बक्षीसपत्रावरची मिती आश्विनातली होती. म्हाताऱ्याने ते शब्द आश्विनात काढले असतील, तर त्या वेळचे पाणी हीच खरी हद्द. त्या वर्षी आश्विनात मी मुळशीला गेलो. पाणी धोंडा आणि ओढा यांच्या मध्ये कुठेतरी थांबले होते. डोळ्यांनी पाहता कोरडी जागा चार-पाच गुंठ्यांची असावी. म्हणजे तलाठ्याची घाईसुद्धा बरोबर ठरत होती. मी हे कोणाला सांगितले नाही.

मावशी धोंड्यावर बसून वाल निवडत होती. किडके एका बाजूला, पेरायचे पदरात.

‘मावशी,’ मी विचारले, ‘म्हातारा बोलला तेव्हा महिना कोणता होता?’

‘लिवलं कवा आन बोलला कवा,’ ती म्हणाली. ‘पान्याकडं हात केल्याला आटवतंय.’

‘पाणी कुठं होतं?’

तिने समोर पाहिले.

‘ते कुटं एका जागी ऱ्हातंय?’ ती म्हणाली. ‘उतरंल आता आट-पंधरा दिसात. सरक जरा, तुजी सावली पडतीया. बी दिसंना.’