सहा नळांचं एकच माप

बटणमावशीची आयुष्यात एकदाच वाचा बसली, आणि तीही पालिकेच्या दफ्तराच्या खोलीत, मांडीवर छत्तीस झेरॉक्स घेऊन. एरवी तिचं तोंड म्हणजे तिचं शिलाई मशीन. एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही.

ती तिथे गेली होती ती ताठ मानेने. खालच्या गल्लीत दिलेल्या तिच्या लेकीची मुलगी, पाच वर्षांची, तीन महिन्यांत दोनदा दवाखान्यात राहून आली होती. जुलाब, ताप, पुन्हा जुलाब. पोर वाळून नुसती काटकी झाली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी लेकीला विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"गल्लीतल्या नळाचं."

"त्या नळाच्या तपासणीचे कागद मिळाले तर बघा. तोवर उकळून प्या."

मावशीला हे फार झोंबलं. गावातल्या सहा सार्वजनिक नळांचं पाणी दर महिन्याला बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत पोचवायचं काम गेली बावीस वर्षं तिचाच नवरा करत होता. सायकलच्या मागे बाटल्यांची पेटी, म्हणून लोक त्याला बाटलीसाहेब म्हणत. चहाखेरीज काही न पिणाऱ्या माणसाला हे नाव पडावं, यावर मावशी आजवर पोटभर हसली होती. निवृत्तीला सात महिने उरले असताना त्याच्या कामावर कुणी बोट ठेवावं? छे!

"उकळायची काही गरज नाही," तिने लेकीला ठणकावलं. "तुझ्या बाबांनी तपासलेलं पाणी आहे ते. कागदच हवेत ना बाईंना? आणून देते." लेक आईच्या शब्दाबाहेर नव्हती. तिने उकळायचं सोडून दिलं.

मावशीने पालिकेत माहितीचा अर्ज टाकला: सहा नळ, तीन वर्षं, सगळ्या नोंदी. खिडकीतला कारकून म्हणाला, "अहो काकू, सगळं खातं तुमच्या घरात जेवायला असतं. त्यांनाच विचारा की."

"घरच्याची साक्ष कोण धरतं? शिक्का मारलेलं द्या."

नवऱ्याला तिने पत्ता लागू दिला नाही. म्हटलं, कागद हातात आले की दाखवून खूश करू. तीन आठवड्यांनी गठ्ठा मिळाला. बाकावर बसून तिने पान उलटलं. योग्य, योग्य, योग्य. एकाखाली एक शिक्के. मावशी मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंशी भांडण जिंकून मोकळी झाली.

मग तिची नजर आकड्यांवर गेली. तीस वर्षं मापं घेणारी बाई, आकडे वाचल्याशिवाय कशी राहील? पहिल्या चौदा महिन्यांत सहा नळांचे क्षार सहा तऱ्हेचे होते, खालच्या गल्लीचे कायम सगळ्यांत चढे. पंधराव्या पानावर सहाही नळांचे क्षार दोनशे बारा. सोळाव्यावर सहाही दोनशे नऊ. सतराव्यावरही सहा नळांना एकच आकडा, पुढच्या प्रत्येक पानावर तसंच. सहा गिऱ्हाइकं ओळीने उभी केली तर छाती, कंबर, बाही सगळ्यांची एकाच इंचात भरेल का? असं माप एकाच माणसाचं सहादा घेतलं तरच येतं.

पंधराव्या पानाच्या तळाशी बाटल्यांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. 'खालची गल्ली, नळ क्रमांक सहा.' ते अक्षर मावशीने दोनदा निरखलं. ते तिचं स्वतःचं होतं.

तेव्हा नवरा उतारावर सायकलवरून पडला होता. पायाला प्लास्टर. खाटेवरून म्हणाला होता, "रजा टाकली तर माझ्या जागी दुसरा आणतील. सहाच बाटल्या आहेत गं, आपल्या नळाखाली भर. पाणी सगळं एकाच टाकीचं." आणि तिने भरल्या होत्या. गरम पाण्याने विसळून, सुबक अक्षरात चिठ्ठ्या लिहून, वर नवऱ्याला म्हणाली होती, बघा, तुमच्यापेक्षा नीट केलं. दोन महिने. मग ती ते साफ विसरून गेली.

पण त्यापुढच्या वीस पानांवर अक्षर नवऱ्याचं होतं आणि माप तेच.

ती घरी कशी पोचली तिचं तिला कळलं नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर पाच भरलेल्या बाटल्या होत्या. सहावी नवऱ्याने नळाखाली धरली होती.

"खालच्या गल्लीत शेवटचे कधी गेला होतात?"

त्याने तिच्या हातातला गठ्ठा पाहिला. "पाय मोडल्यापासून नळानळावर फिरणं जमत नाही गं, तो उतार तर नाहीच. दोन महिने तू भरल्यास, काही बिघडलं नाही. म्हटलं, टाकी तर एकच, मग तू बाहेर गेलीस की इथेच भरायचो..."

"टाकी एक आहे! पण खालचा पाइप सांडपाण्याच्या गटारातून जातो. तुम्हीच सांगितलं होतंत मला!" मावशीचा आवाज फाटला. "आपली नात पिते हो ते पाणी!"

बाटली भरून वाहू लागली तरी त्याने नळ बंद केला नाही. "मला वाटलं, बाहेरचं काहीबाही खाल्लं असेल," तो एवढंच बोलला आणि तिथेच ओल्या फरशीवर बसला.

मावशी तशीच खालच्या गल्लीत निघाली. नळाशेजारी पालिकेने लावलेली पत्र्याची पाटी होती: पाणी पिण्यास योग्य. तारीख गेल्याच महिन्याची.

दार नातीनेच उघडलं. आजी धापा टाकतेय हे बघून पोर आत पळाली आणि दोन्ही हातांत भरलेला पेला धरून आली. सांडू नये म्हणून वरचा घोट आधी स्वतः पिऊ लागली. मावशीने फटका मारून पेला उडवला. तो भिंतीवर आदळला, पोर भोकाड पसरून रडू लागली.

"आई! वेड लागलंय का तुला?" लेक धावत आली.

मावशीने पंधरावं पान पुढे केलं. लेकीने वाचलं. "योग्यच लिहिलंय की."

"अक्षर बघ."

त्याच अक्षरात लेकीच्या शाळेच्या सगळ्या वह्यांवर नाव लिहिलेलं असायचं. तिला ओळखायला वेळ लागला नाही. ती कागदाकडे बघत राहिली, मग आईकडे, मग रडणाऱ्या पोरीकडे.

"सगळ्या बाटल्या आमच्या ओट्यावर भरल्या," मावशी म्हणाली. "सुरुवात मी केली. तसं या पानाखाली लिहून सही करते. डॉक्टरीणबाईंना दे, आणि पालिकेत तक्रार कर, तिलाही हाच कागद लाव."

"आणि बाबांचं काय होईल?"

मावशीने पिशवीतून कापडावर खुणा करायची पेन्सिल काढली. पान भिंतीला टेकवून तिने लिहायला घेतलं.

"होईल ते होईल," ती म्हणाली. "तू आधी पाणी उकळ."