गौरीची गिटार का टोचत होती

"काका, अजून टोचतेय."

गौरीने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मी काचेच्या अलीकडे कन्सोलसमोर बसलो होतो. तिने वाजवलेला तोच टेक मी नुकताच मोठ्या स्पीकरवर ऐकला होता आणि मला तो उलट जरा मुका वाटला होता.

"टोचतेय कुठे? मला तर अजून थोडी चमक हवी आहे," मी म्हटलं.

तिने हेडफोन परत कानाला लावले आणि म्हणाली, "बरं, एक और टेक घेऊ."

पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागात माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. भिंतीपलीकडे लेथ मशीनचं वर्कशॉप आहे, त्यामुळे नाजूक कामं मी त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत किंवा ते बंद असताना करतो. स्टुडिओ काढण्याआधी अर्धं आयुष्य मी लाइव्ह साउंडमध्ये काढलं. गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रा, गरबा, लग्नं. गौरी एका शाळेत संगीत शिकवते. स्वतः गाणी लिहिते आणि गिटारवर गाते. तबला नाही, कीबोर्ड नाही. एक आवाज, एक गिटार. अशा गाण्यात वाईट वाजलेल्या गिटारला लपायला जागा नसते.

तिने दोन गाणी पुण्याच्या एका कार्यक्रमासाठी पाठवली होती. आयोजकांचं उत्तर आलं, "गाणी आवडली, आवाज आवडला. गिटार मात्र कानाला लागते. सुधारून पाठवलीत तर विचार करू." ते रेकॉर्डिंग माझंच होतं. शाळा उघडायच्या आत दुसरं पाठवायचं होतं. म्हणून ही सगळी धावपळ.

अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करणं सोपं वाटतं. माइक ठेवा, वाजवा. बहुतेकांना वाटतं आवाज त्या गोल भोकातून येतो, म्हणून ते माइक तिथेच रोखतात. मग मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखं सगळं घुमतं. खरं तर गिटारचं पुढचं सगळं लाकूडच वाजत असतं. आम्ही माइक ठेवतो तो गिटारची मान जिथे अंगाला मिळते त्याच्या समोर, दीड-दोन वीत अंतरावर. तिथे तारेचा ठसठशीतपणा आणि लाकडाचं वजन दोन्ही मिळतं. माइक बोटभर हलला तरी आवाज बदलतो.

मी सगळं नियमाने केलं होतं. तारासुद्धा नव्या चढवल्या होत्या. नव्या तारा झणझणीत वाजतात, थोडे दिवस वाजवल्या की मऊ होतात. गौरी म्हणाली होती, "जुन्याच राहू द्या ना काका." मी म्हटलं, "जुनी तार म्हणजे बासी जलेबी."

मग मी खोलीला दोष दिला. भिंतींवर रजया टांगल्या होत्या, त्या आवाज पिऊन टाकतात. तिच्या खुर्चीखाली मोठं प्लायवूड अंथरलं, म्हणजे लाकडावरून थोडा आवाज परत येईल. त्याने गिटारचा आवाज भरला, हे तिनेही मान्य केलं. पण टोच तशीच.

शेवटी मी तिलाच म्हटलं, "पूरा दिन प्रॅक्टिस करतेस, तुझे कान थकलेत."

"असेल काका," ती म्हणाली.

त्या 'एक और' टेकच्या शेवटी तिने शेवटचा झंकार छेडला आणि तारा आपोआप विझू दिल्या. तसं करावंच लागतं, शेवटचा नाद कापला तर गाणं तुटल्यासारखं वाटतं. मी रेकॉर्डिंग थांबवलं तशी ती म्हणाली, "काका, ही सीटी कसली आहे?"

"कसली सीटी?"

"बारीक. तार विझली की ऐकू येते."

मी डोळे मिटून ऐकलं. काही नव्हतं. "लेथची असेल."

"लेथ बंद आहे. वो लोग खाना खा रहे हैं."

तेवढ्यात माझी बायको सुनंदा जेवणाचा डबा घेऊन आली. दारातच थबकली. "अहो, हे काय वाजतंय? डास कानाशी आल्यासारखं?"

मी दोघींकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचं चित्र दिसतं. डावीकडे जाड, खर्जातले आवाज, उजवीकडे बारीक, तीक्ष्ण. उजवीकडे एक काडी उभी होती. कोणी वाजवत नव्हतं, तरी ती खाली येत नव्हती.

मी एकेक प्लग काढत गेलो. टेबललॅम्पचा अॅडॅप्टर काढला आणि दोघी एकदम म्हणाल्या, "गेली." स्क्रीनवरची काडीही पडली. माझ्या कानाला काही फरक पडला नव्हता.

 मग मी मशीनमधून एक टेस्ट टोन लावला. हा सूर हळूहळू बारीक होत वर चढत जातो. "ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा," मी सांगितलं. तिघांनी हात वर केले. माझा खाली आला. सुनंदाचा वरच होता, बराच वेळ. गौरीचा त्याहूनही.

सुनंदा हळूच म्हणाली, "टीव्ही एवढा मोठा लावता, मी सांगतेय कधीचं. मला वाटायचं, तुम्ही फक्त माझंच ऐकत नाही."

गौरी हसली, मग तिला अपराध्यासारखं झालं असावं. मी मात्र ईक्यूच्या बटणांकडे बघत होतो. ईक्यू म्हणजे आवाजातला जाड किंवा बारीक भाग कमी-जास्त करायची सोय. बारीक भागाचं बटण मी प्रत्येक टेकला थोडं थोडं वर नेलं होतं. सर्दी झालेल्या आचाऱ्याला मीठ लागू नये आणि त्याने टाकतच जावं, तसं. मला जे जेमतेम ऐकू येत होतं, ते इतरांना सुईसारखं जात होतं.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बंद खोलीत बसवून त्यांनी तपासणी केली आणि कागद समोर ठेवला. त्यावरची रेघ सरळ चालत येऊन एकदम घाट उतरावी तशी खाली गेली होती.

"काम काय करता?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मोठ्या स्पीकरजवळ उभं राहायचं काम बरीच वर्षं केलंय?"

"तेच केलंय."

"गेलेलं परत येणार नाही. उरलंय ते जपा."

बाहेर येऊन स्कूटरवर नुसताच बसलो. रिक्षा, हॉर्न, भाजीवाल्याची हाळी, सगळं ऐकू येत होतं. कुठे काही कमी वाटत नव्हतं. मला त्याचीच भीती वाटली. जे ऐकू येत नाही ते येत नाही, हे माणसाला कळणार कसं? आणि ज्याची रोजी कानावर आहे त्याने हे सांगायचं कोणाला?

गौरीला तर कळलंच होतं. मी फोन केला. "माझ्या ओळखीचा एक तरुण इंजिनिअर आहे, चांगला आहे. तुझं काम त्याच्याकडे देतो. त्याच्याशी बोलतो मी."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, टोचतंय हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण तुम्ही इतकी वर्षं करताय, म्हटलं माझंच चुकत असेल. मी जोर देऊन बोलायला हवं होतं."

"तू बोलली होतीस. मी ऐकलं नाही."

"असू दे. माझा सूर जरा ढळला तरी तुम्ही पकडता. कुठे घाई केली ते पकडता. वो कौन करेगा? हाय्सचं मी सांगते, बाकी तुम्ही बघा." हाय्स म्हणजे तोच बारीक, तीक्ष्ण भाग.

मी आढेवेढे घेतले. पण मनातून मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू?

पुढच्या वेळी ती आपल्या जुन्या तारा लावून आली. मी ईक्यू सगळा बंद केला. ती हेडफोन लावून वाजवत राहिली आणि मी माइकचा स्टँड हळूहळू सरकवत गेलो.

"थोडा खाली. अजून. आता तिरका करा, भोकाकडे नको, बाहेरच्या बाजूला. और थोडा. बस."

मला ती जागा साफ मुकी वाटत होती. एकटा असतो तर तिथे माइक कधीच ठेवला नसता. कन्सोलवर येऊन बसलो तर हात आपोआप त्या बटणाकडे गेला. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो आणि टेक घेतला.

मधल्या कडव्यात ती घाईत गेली, ते मी पकडलं. परत घेतलं. मग प्लेबॅक लावला. खर्जाच्या तारा गोल, भरदार आल्या होत्या, ते मला छान ऐकू आलं. बारीक भागात कसं आहे ते मी तिच्या चेहऱ्यावर बघत होतो. ती भुवया न चढवता शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग फक्त म्हणाली, "हाँ."

सुनंदाला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, "आता कोणी शेजारी बसून वाजवतंय असं वाटतं." तिला गिटारमधलं काही कळत नाही, म्हणून मला ते जास्त खरं वाटलं.

पुण्याहून होकार आला. गौरी कार्यक्रमाला जाऊन गाऊन आली. गिटार कोणाला टोचल्याचं कानावर आलं नाही.

आता नवीन क्लायंट आला की मी माइक लावायच्या आधी सांगतो, "हाय्स मला कमी ऐकू येतात. तिथे तुम्ही बोलायचं, मी वाईट वाटून घेणार नाही." काही जण चहा पिऊन "कळवतो काकाजी" म्हणून जातात, ते परत येत नाहीत. त्यांचं चूक नाही. जे राहतात त्यांच्याबरोबर काम पूर्वीपेक्षा बरं होतं, कारण ते टेकबद्दल पहिल्यापासून मोकळं बोलतात.

नवीन इंजिनिअर मुलं कधी कधी विचारायला येतात, "सर, रिच अकूस्टिक साउंडसाठी कोणता माइक घेऊ?" मी म्हणतो, आधी कान तपासून या. ती हसतात. मी विनोद केलेला नसतो.