दाराबाहेरचे तहानलेले

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आमच्या पंचवटीतल्या फ्लॅटमध्ये खेळ रंगतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि कुणी तलवार चालवली किंवा भिंतीवरून उडी मारली, तर ते जमलं का नाही हे फासा आणि प्रत्येकाच्या कागदावर लिहिलेले ताकदीचे आकडे ठरवतात. गोष्ट सांगायचं काम माझं. खेळणारे तिघं: माझी कॉलेजातली मैत्रीण, कारखान्यात माझ्याबरोबर काम करणारा सटाण्याकडचा सहकारी, आणि माझी आई.

आई आधी नुसती बघत बसायची. बाबा गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात एकदा नेहमीचा एक भिडू आला नाही, तेव्हा म्हणाली, "आणा तो कागद इकडे, मी होते कोणीतरी." ती एक धिप्पाड, फटकळ लढवय्यी झाली, आणि तो भिडू परत आलाच नाही.

त्या वर्षी मी मेलेल्यांची गोष्ट रचली होती. दलदलीतून सांगाडे उठतात, प्रेतं गावावर चालून येतात, असं बरंच काही. रात्री झोपताना माझ्याच गोष्टीची मला भीती वाटली होती. प्रत्यक्षात पहिल्याच लढाईत आईने सांगाड्यांचा चुरा केला. "हे तर आधीच खिळखिळे झालेले," म्हणाली. पुढच्या खेपेला मी सांगाडे वाढवले. मग त्यांची ताकद वाढवली, नखांत विष घातलं, पडदे ओढून घेतले, मोबाइलवर घुबडाचा आवाज लावला. त्याने लढाया लांबल्या आणि बेरजा-वजाबाक्या वाढल्या, इतकंच. प्रेतांचा राजा सिंहासनावरून उठला तेव्हा आई मटार सोलत होती. "माझी पाळी आली की सांगा गं."

त्याच आठवड्यात भाजी घेऊन येताना रिक्षात मी तिला विचारलंच, "तुला कशाचीच भीती वाटत नाही का?"

आई निवृत्त होईपर्यंत सरकारी दवाखान्यात नर्स होती. "मेलेल्यांची कसली भीती?" ती म्हणाली. "कितीजणांचे डोळे मिटलेत मी. पडून असतात बिचारे." मग बराच वेळ ती पिशवीतली मेथी नीट करत राहिली. "मागणाऱ्यांची भीती वाटायची. ऑपरेशनच्या आधी पाणी द्यायचं नसतं ना. एखादा ओरडला, शिव्या दिल्या, तर बरं असतं. पण एखादा नुसता बघत राहायचा आणि हळू आवाजात मागायचा. त्याच्या खाटेजवळून जाताना पाय जड व्हायचे."

घरी आल्यावर मी लिहिलेलं सगळं बाजूला ठेवलं.

पुढच्या रविवारी गोष्टीतल्या गावात भर दुपारी दारं वाजली. बाहेर त्याच घरातली मेलेली माणसं उभी होती. त्यांच्या हातात काही नव्हतं. ती घरातल्यांना नावानं हाक मारत होती आणि पाणी मागत होती. सहकाऱ्यानं सवयीनं फासा टाकला, खिडकीतून बाण सोडला आणि दारातला म्हातारा पडला. अगदी सहज. "झालं की," तो म्हणाला. मी पुढे सांगितलं, की दुसऱ्या दिवशी दुपारी तोच म्हातारा आला. छातीत बाण तसाच. आवाजही तसाच. "सूनबाई, घोटभर पाणी."

सहकाऱ्यानं फासा उचलला आणि नुसता हातात धरून ठेवला. एरवी तो आमच्याशी शहरी मराठी बोलतो, पण गडबडला की गावाकडची भाषा येते. "मना हात नही उठत, काकू," तो म्हणाला.

"देऊन टाकू या ना पाणी," मैत्रीण म्हणाली.

"उघडू नका," आई म्हणाली. तिचा तो आवाज मी लहानपणी वॉर्डात ऐकलेला होता. "कोणीही दार उघडायचं नाही."

दोघींची जुंपली. एवढा वेळ वाद घालूनही कुणी कागदावरच्या आकड्यांकडे पाहिलं नाही. शेवटी मैत्रिणीनं तिच्या माणसाला दार उघडायला लावलं. त्याने तांब्या पुढे केला. म्हातारा सगळं पाणी प्याला आणि थोडा तजेलदार दिसू लागला. मी मैत्रिणीला सांगितलं, "तुझ्या माणसाला आता त्याच्या बहिणीचं नाव आठवत नाही. उद्या म्हातारा परत येईल, आणि तू पुन्हा दिलंस तर अजून काहीतरी जाईल."

आई उठून बाल्कनीत गेली.

मला वाटलं, मी अती केलं. तिच्यामागे गेले. खाली भाजीच्या हातगाडीवाल्याशी कुणीतरी घासाघीस करत होतं, आई तिकडे बघत होती.

"थांबवू का खेळ?"

"नको." मग म्हणाली, "शेवटी शेवटी तुझे बाबा पाणी मागायचे. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलेलं. दुसरी कोणी बायको असती तर चोरून पाजलं असतं. मी नर्स. मी नाही दिलं."

हे मला माहीत नव्हतं. त्या दिवसांत मी औषधांच्या दुकानांत आणि रिपोर्टांच्या रांगेत असायचे. "मग काय केलंस?"

"कापूस ओला करून ओठांवरून फिरवायचे. तेवढं चालतं." तिने पदरानं चेहरा पुसला. "चल. तो म्हातारा अजून दारात असेल."

आत येऊन ती आपल्या जागेवर बसली आणि म्हणाली, "मी दाराच्या फटीतून हात बाहेर काढते. फडकं ओलं करून त्याच्या ओठांना लावते. प्यायला देत नाही."

माझ्याकडे त्यासाठी नियमच नव्हता. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तो डोळे मिटतो," मी म्हणाले. "आणि पायरीवर बसतो."

"फासा नाही टाकायचा?" सहकाऱ्यानं विचारलं.

"नाही."

पुढचे कित्येक रविवार ते तिघं गोष्टीतल्या गावात दारोदार ओली फडकी घेऊन फिरले. फडकी वाळायची, मेलेले पुन्हा उठायचे, आणि मेलेल्यांना कोण उठवतंय हे शोधून काढायला तिघांना उन्हाळा उजाडला. दारावरची थाप ऐकली की मैत्रीण शेवटपर्यंत दचकायची.

ओल्या फडक्याच्या त्या पहिल्या रविवारी संध्याकाळी मात्र दोघं गेल्यावर आईने खिचडी टाकली आणि बाबा दवाखान्यात होते तेव्हाच्या गोष्टी सांगत बसली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या घोरण्यावर ते किती वैतागायचे, आणि तो घरी गेल्यावर, आता करमत नाही म्हणून तिच्याकडेच कशी तक्रार केली. सांगता सांगता ती हसली. मला अजून ऐकायचं होतं, म्हणून ताटं तशीच ठेवून आम्ही बसून राहिलो.