आधी धूर, मग भाव

नाना मिस्त्री गॅस गिझर बसवायचा भाव दुकानात उभं राहून कधीच सांगत नसत. आधी ते तुमच्या घरी येत, चपला बाहेर काढून न्हाणीघरात शिरत, दार लावून घेत, बादली पालथी घालून तिच्यावर बसत आणि उदबत्ती पेटवत. पहिल्यांदा ते आमच्या धुळ्याच्या घरी आले तेव्हा बराच वेळ दार उघडेना. माझी बायको सुलभा हळूच म्हणाली, "आत पूजा मांडलीय का यांनी?" ते बाहेर आल्यावर मी भाव विचारला, तर म्हणाले, "मास्तर, आठे धूर बठी ऱ्हास. बाहेर जावाले वाटच नही. पहिले धूर देखसू, मंग भाव सांगसू."

नाना नरडाण्याचे. साठी उलटलेली, अंगाने काटकुळे. सकाळच्या एसटीने यायचे, खांद्याला पान्यांची पिशवी आणि सदऱ्याच्या खिशात उदबत्तीचा पुडा. ज्यांच्या न्हाणीघरातून धूर निघत नसे, त्यांना ते सरळ नाही म्हणत आणि भाड्याचेही पैसे न घेता परत जात. त्यांची माहिती मला गिझरच्या दुकानदार शेठने दिली होती. "माणूस विक्षिप्त आहे," शेठ म्हणाला होता, "पण त्याने बसवलेल्या गिझरची तक्रार आजवर आली नाही."

आमचा जुना गिझर मागच्या अंगणात होता. ते अंगण मी स्वयंपाकघर वाढवताना आत घेतलं आणि त्याच सुमाराला गिझरही गंजून गळायला लागला. मुलगी वृषाली पहिल्या बाळंतपणाला जळगावहून, सासरहून येणार होती. पहाटे वीज जायची, म्हणून विजेचा गिझर नको होता. शेठने चार गॅस गिझर समोर मांडले. मी आठवडाभर त्यांच्या किमती ताडून पाहत होतो. नाना हसले. "गिझर कोनताबी ल्या, मास्तर. पैसा जागाना शे." गिझर पाच हजारांचा होता, खरा खर्च जागेचा. नानांच्या म्हणण्याप्रमाणे तो उघड्या गच्चीवर बसवून पाइप खाली आणायला आणखी चार हजार लागणार होते, शिवाय नव्या फरश्या फुटणार होत्या.

मला त्या फरश्या वाचवायच्या होत्या. मी नानांच्या मागे लागलो. सव्वा महिना न्हाणीघरातच राहू द्या, पोर सासरी गेली की गच्चीवर नेऊ, असं दोन-तीनदा विनवलं. वृषालीचं नाव निघालं तसे ते नरमले. न्हाणीघराला खिडकी नव्हती. त्यांनी गिझरच्या मागे, भिंतीत वरच्या बाजूला ताटलीएवढं भोक पाडलं, दाराखाली चार बोटं फट ठेवली, पुन्हा उदबत्ती लावली. धूर सरळ बाहेर गेला. जाताना म्हणाले, "थंडी वाजनी तं गोधडी पांघरा, पन हाई भोक बुजू नका."

नात झाली. डिसेंबर होता. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणाऱ्या अक्का रोज कुरकुरायच्या, "कुठून तरी गार वारा येतो. बाळंतिणीला वारा लागला तर जन्माचं दुखणं." चौथ्या दिवशी, कोणी उठायच्या आत, मी स्टुलावर चढलो आणि माझं जुनं बनियन त्या भोकात कोंबलं. गिझरच्या आडोशाला ते दिसत नव्हतं. नववीच्या वर्गात दर वर्षी कार्बन मोनॉक्साइड शिकवणारा मी. रंग नाही, वास नाही, हे वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. तरी त्या सकाळी मला फक्त वारा दिसत होता.

त्याच दिवशी अक्कांनी बाळाला न्हाऊ घालून सुलभाकडे दिलं, मग वृषालीला न्हाऊ घातलं. शेवटी धुरीसाठी निखारे आणायला अक्का बाहेर आल्या. गारवा शिरू नये म्हणून वृषालीने आतून कडी घातली आणि दाराखाली टॉवेल सारला. पाण्याचा आवाज येत राहिला. मी वर्तमानपत्र वाचत होतो. कधीतरी लक्षात आलं की पाणी एकाच जागी पडतंय. हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या लाथेला कडी तुटली. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धवट उघडे, आणि माझ्याकडे बघत नव्हती.

आम्ही तिला ओसरीवर ओढलं. सुलभा आणि अक्का तिला चादरीत गुंडाळत होत्या, शेजारी रिक्षा आणायला धावले होते. मी "गॅस बंद करतो" म्हणून आत गेलो. गॅस बंद केला. मग स्टुलावर चढून ते बनियन ओढून काढलं आणि स्कूटरच्या डिकीत टाकलं. माझी पोर श्वास घेतेय की नाही हे माहीत नसताना मी ते केलं.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. दुपारी तिने बाळाला मागितलं. सगळे विचारत होते, असं झालं कसं? मी म्हणालो, "मिस्त्रीने कसं बसवलंय कोण जाणे."

नाना दुसऱ्याच दिवशी आले. बादली पालथी घातली, दार लावलं. एकामागून एक तीन उदबत्त्या लावल्या. मी बाहेर उभा होतो. ते बाहेर आले ते गोंधळलेल्या चेहऱ्याने. "धूर तं सरळ बाहेर जास, मास्तर. मंग पोरले कसं काय झायं?" मी बादली सरळ करून ठेवली. त्यांनी गिझर काढून ठेवला आणि पैसे परत देऊ लागले. ते मात्र मी घेतले नाहीत. पुढे कळलं, त्यांनी गिझर बसवणंच सोडलं. शेठला म्हणाले होते, आता धुरावर माझा भरवसा राहिला नाही.

दोन वर्षं मी बिंग फुटण्याच्या भीतीत काढली. रस्त्यात पान्यांची पिशवी दिसली तरी मी वाट बदलायचो. शेवटी नाना अंथरुणाला खिळल्याचं शेठकडून ऐकलं आणि नरडाण्याला गेलो. खाटेशेजारी बसून, भोकात फडकं कोंबल्यापासून ते लपवल्यापर्यंत सगळं सांगितलं. ते छताच्या पत्र्याकडे बघत होते. मग विचारलं, "फडकं कसानं व्हतं?"

"माझं बनियन, नाना."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता जा म्हणतील. पण त्यांचा चेहरा सैल झाला होता. पुटपुटले, "मंग धूर खोटं नही बोलना." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हाई बठ्ठासले सांगा, मास्तर."

महिन्याभरात ते गेले. मी सगळ्यांना सांगतो. आधी वृषालीला आणि सुलभाला सांगितलं. सुलभा चार दिवस बोलली नाही. शेठलाही सांगितलं. आता कॉलनीत कुणी नवा गिझर घेणार असला की माझा सल्ला विचारतात, कोणता घेऊ, किती पडेल. मी उदबत्तीचा पुडा घेऊन जातो. दार लावून पालथ्या बादलीवर बसतो. धूर छतापाशी घुटमळला की वृषालीचे ते अर्धवट उघडे डोळे समोर येतात, आणि तरीही तो हलेपर्यंत मी उठत नाही. बाहेर आल्यावर नानांचं नाव सांगतो, मग बनियनाची गोष्ट. भाव सगळ्यात शेवटी.